माळ्यावरची तलवार

पनवेल तालुक्यातील तळोजा हे गाव आज कारखान्यांसाठी ओळखले जाते. कासाडी नदीच्या परिसरातील भातशेतीच्या या मुलखात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तेव्हापासून तेथे रात्रंदिवस धातूचे काम चालते. मोडक्या यंत्रांचे भाग, गंजलेल्या सळया, फुटके पत्रे यांनी भरलेल्या मालमोटारी अशा वसाहतींच्या रस्त्यांवरून नेहमी जाताना दिसतात. जुने लोखंड भट्टीत वितळते आणि त्याचेच नवे लोखंड होते. यात वावगे काहीच नाही. उलट, निरुपयोगी वस्तू पुन्हा उपयोगी पडते, हे चांगलेच आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. भट्टीत गेलेले लोखंड आपला पूर्वेतिहास विसरते. नांगराचा फाळ कोणता, खिडकीचा गज कोणता आणि तलवारीचे पाते कोणते, हे तेथून पुढे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

समजा, याच परिसरातील एखाद्या जुन्या घराची दुरुस्ती निघाली आहे. माळ्यावरची अडगळ खाली उतरविली जात आहे. तीत मोडका पाळणा आहे, चिरलेली पायली आहे, काजळलेला कंदील आहे. आणि फडक्यात गुंडाळलेली, म्यानासह गंजलेली एक तलवार आहे. घरातील आजी सांगतात की, पूर्वी दसऱ्याच्या दिवशी ही तलवार पूजेत ठेवीत; पुढे ते राहून गेले. ती घरात कोणी आणली, कोणत्या कामी आली, हे कोणालाच ठाऊक नाही. भंगार घेणारा दारात उभा आहे. त्याच्या तराजूत तिचे वजन सुमारे एक किलो भरेल आणि तेवढ्या लोखंडाचे पैसे हातावर पडतील.

त्या तलवारीची किंमत एवढीच काय? आणि ती अधिक असेल, तर ती ओळखावी कशी? या प्रश्नांची उत्तरे शोधण्याची एक विद्या आहे. जुनी शस्त्रे, चिलखते आणि घोड्यांचा सरंजाम जमविणारे संग्राहक हीच विद्या आयुष्यभर शिकत असतात.

प्रथम, अशा तलवारी माळ्यावर का गेल्या ते पाहू. मराठी राज्याच्या काळात शस्त्र हे हजारो घरांच्या चरितार्थाचे साधन होते. घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. त्यामुळे शिलेदाराच्या घरी तलवार, भाला, ढाल, खोगीर या वस्तू शेतकऱ्याच्या घरच्या नांगराइतक्याच आवश्यक होत्या. इ. स. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला. फौजा मोडल्या. स्वार गावोगाव परतले आणि त्यांची हत्यारे खुंटीला लागली. पुढे १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने ठिकठिकाणी लोकांकडून शस्त्रे काढून घेतली आणि १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा भारतीयांसाठी गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र त्या बंधनातून सूट होती.

या कायद्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७९ साली, इंग्रजांविरुद्ध सशस्त्र बंड उभारणारे वासुदेव बळवंत फडके हे याच पनवेल तालुक्यातील. कर्नाळा किल्ल्याच्या परिसरातील शिरढोण हे त्यांचे जन्मगाव. पुण्यास लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी शस्त्रविद्येचे धडे घेतले होते. बंड मोडले, फडके पकडले गेले आणि १८८३ साली दूर एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. शस्त्र जवळ असणे हेच संशयाचे कारण ठरेल, अशा त्या दिवसांत किती घरांनी आपल्या तलवारी विहिरीत टाकल्या असतील, किती जणांनी त्या मोडून विळे-कोयते करून घेतले असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही. जे पाते माळ्यावर लपले, तेच वाचले.

आश्चर्याची गोष्ट अशी की, जवळजवळ याच सुमारास पूर्वेकडील जपानमध्येही असाच प्रसंग आला होता. तेथे सामुराई नावाचा योद्ध्यांचा वर्ग होता. कमरेला दोन तलवारी, एक लांब व एक आखूड, लावणे हा त्यांचा पिढीजात मान होता. १८७६ साली जपानच्या सरकारने सैनिक, पोलीस आणि काही ठराविक प्रसंग वगळता उघडपणे तलवार बाळगण्यास मनाई केली. शेकडो वर्षे तलवारी घडविणारे कारागीर एकाएकी बेकार झाले. पुष्कळांनी विळे आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घडवून पोट भरले. सामुराई घराण्यांतील तलवारी, लाखेचे रोगण दिलेली आणि रेशमी दोऱ्यांनी ओवलेल्या पट्ट्यांची चिलखते, शिंगे लावलेली शिरस्त्राणे, क्रोधाने पाहणारे मुखवटे आणि सोनेरी नक्षीची लाकडी खोगिरे बाजारात आली. युरोप-अमेरिकेतील धनिकांनी ती हौसेने विकत घेतली. १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धात जपानचा पराभव झाल्यावर तर राहिलेली शस्त्रेही जप्त होऊ लागली. तेव्हा तेथील जाणत्यांनी एक गोष्ट पटवून दिली, की उत्तम तलवार ही केवळ हत्यार नसून ती एक कलाकृती आहे. तेव्हापासून कलेच्या दृष्टीने मोलाच्या तलवारींची तेथे नोंदणी होते आणि नोंदणीचा दाखला तलवारीबरोबरच राहतो. तलवार एका हातातून दुसऱ्या हाती गेली, तरी तिची ओळख हरवत नाही.

आपल्याकडील संग्राहकाला काय काय शोधावे लागते? सर्वांत आधी तलवारच घेऊ. दुरून सर्व तलवारी सारख्या दिसतात. जाणकाराला मात्र तसे वाटत नाही. वक्र पात्याची तलवार वेगळी, सरळ लांब पात्याची धोप वेगळी आणि टोकाकडे रुंद होत जाणारा खंडा वेगळा. युरोपातून आलेल्या पात्याला येथील कारागिराने मूठ बसविली, म्हणजे ती फिरंगी किंवा फिरंग म्हणविली जाई. स्पेन, जर्मनी, इटली या देशांतील नामांकित गावांची पाती पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरत. म्हणजे एकाच तलवारीत पाते परदेशी आणि मूठ मराठी, असा संगम आढळतो. मुठीवर हाताच्या रक्षणासाठी जो आडवा किंवा वळणदार भाग असतो, त्यास परज म्हणतात. परजेचा घाट पाहून ती तलवार कोणत्या प्रांताची व कोणत्या काळातील असावी, याचा अंदाज बांधता येतो.

दांडपट्टा हे तर महाराष्ट्राचे खास हत्यार. याचे पाते लांब, सरळ, दुधारी आणि लवचीक असते. मूठ मात्र नेहमीसारखी नसते. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी नळी असते आणि तिच्या आत आडवी पकड असते. त्यामुळे पाते हाताचाच वाढलेला भाग होऊन फिरते आणि मनगटाचेही रक्षण होते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला. यांखेरीज जवळच्या झटापटीसाठी कट्यार, बिचवा आणि खंजीर होते, तर दूरच्या शत्रूसाठी भाला, तीरकमान आणि विटा. विटा हा भाल्यासारखाच. पण त्याला दोरी बांधलेली असे. फेकून मारल्यावर तो दोरीने मागे खेचून घेता येई.

आक्रमणाची साधने जेवढी, तेवढीच रक्षणाचीही. ढाल बहुधा जाड कातड्याची असे. गेंड्याच्या कातड्याची ढाल विशेष टिकाऊ मानीत. ढालीच्या दर्शनी बाजूस धातूची चार फुले दिसतात. ती केवळ शोभेची नव्हेत. त्यांच्या मागच्या बाजूस कड्या असतात आणि त्या कड्यांत हात अडकविण्याचे बंद बांधलेले असतात. हातावर आघात बसू नये म्हणून मधोमध मऊ गादी असते. चिलखत हे लोखंडी कड्यांचे विणकाम होय. त्यातील प्रत्येक कडी बहुधा शेजारच्या चार कड्यांत गुंतविलेली असते आणि उत्तम चिलखतात तिची टोके बारीक खिळ्याने जोडलेली असतात. हजारो कड्या अशा एकेक करून गुंफाव्या लागत. असे वस्त्र तलवारीचा वार अडवी, तरीही ते अंगाबरोबर वळे. त्याचे ओझे मात्र बरेच होई. म्हणून खाली जाड कापसाचा अंगरखा घालीत. जपानी कारागिराने हेच काम लहान लहान पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी ओवून साधले. तेथील हवा दमट, म्हणून पट्ट्यांवर लाखेच्या रोगणाची पुटे चढविली जात. आपापल्या देशाच्या हवापाण्याप्रमाणे माणसाची बुद्धी कशी चालते, हे अशा दोन चिलखतांना शेजारी ठेवले म्हणजे कळून येते.

स्वाराचा अर्धा जीव घोड्यात. म्हणून खऱ्या संग्राहकाची दृष्टी घोड्याच्या सरंजामाकडेही जाते. पाठीवरचे खोगीर, ते घट्ट बांधणारा तंग, शेपटीखालून जाणारी आणि खोगीर पुढे सरकू न देणारी दुमची, तोंडातील लगाम, पाय ठेवावयाची रिकीब, दाणा चारण्याचा तोबरा, अंगावरची झूल, आणि युद्धात घोड्याच्या रक्षणासाठी घातलेली पाखर, असा हा सारा संसार असे. मराठी स्वार दूरच्या मजला मारीत, म्हणून त्यांचा सरंजाम हलका असे. जपानी स्वाराची रिकीब पाहिली तर नवल वाटते. ती कडीसारखी नसून एखाद्या मोठ्या पळीसारखी असते, आणि तिच्यात संपूर्ण पाऊल मावते. तिच्यावर उभे राहून तो स्वार धनुष्याने बाण सोडीत असे. रिकिबीसारख्या लहानशा वस्तूवरून त्या देशातील युद्धाची रीत अशी ओळखता येते.

तलवारी शतकानुशतके टिकतात. पण खोगीर, तंग आणि तोबरा या वस्तू चामड्याच्या, कापडाच्या आणि दोराच्या. वाळवी, कसर आणि पावसाळा यांपुढे त्यांचा निभाव लागत नाही. शिवाय सोन्याच्या मुठीची तलवार जो तो जपतो, फाटका तोबरा कोण जपणार? यामुळे राजाची तलवार पाहावयास मिळते, पण साध्या बारगिराचे खोगीर मिळणे दुर्मिळ. गंमत अशी, की ज्या वस्तू संग्रहालयांतही क्वचित दिसतात, त्या आपल्या बोलण्यात मात्र जिवंत राहिल्या आहेत. खोगिरात जुनी चिरगुटे भरीत, म्हणून निरुपयोगी माणसांच्या किंवा मजकुराच्या गर्दीला आपण खोगीरभरती म्हणतो. जिभेला लगाम घालावा असे वडील माणसे सांगतात. तोंडात घास कोंबणाऱ्याने तोबरा भरलेला असतो. भांडण मिटविणारा तलवार म्यान करतो, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे तर सर्वांना ठाऊक आहे. घोडा गेला, स्वार गेला; मागे शब्द राहिले. ते शब्द नीट समजावेत, यासाठीही त्या वस्तू डोळ्यांनी पाहावयास हव्यात.

वस्तू गोळा केल्या म्हणजेच संग्रह झाला, असे मात्र नव्हे. शंभर तलवारींचा ढीग आणि शंभर तलवारींचा संग्रह यांत मोठे अंतर आहे. ते अंतर नोंदवहीचे आहे. वस्तू हाती येताच संग्राहक तिला क्रमांक देतो आणि लिहून ठेवतो. ती कोठे मिळाली, कोणाकडून मिळाली, केव्हा मिळाली, तिची लांबी-रुंदी व वजन किती, तिच्यावर कोणती अक्षरे वा चिन्हे आहेत, ती देणाऱ्याने तिच्याविषयी काय सांगितले, हे सर्व तो नोंदवितो. ऐकीव हकीकत असेल तर ती ऐकीव म्हणूनच लिहितो. आज साधी वाटणारी ही टिपणे पन्नास वर्षांनी त्या वस्तूइतकीच मोलाची ठरतात.

अशा चिकाटीचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा छंद लागला आणि तो त्यांनी आयुष्यभर जोपासला. पडके वाडे, जुने बाजार, दूरदूरची खेडी ते धुंडाळीत. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामी साथ होती. दिवे, अडकित्ते, वाद्ये, दौती, दरवाजे, भांडी, शस्त्रे अशा नाना वस्तू त्यांनी मिळविल्या. त्यांची संख्या वीस हजारांच्या वर गेली. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला होता. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी या संग्रहालयास त्याचे नाव दिले. १९७५ साली त्यांनी आपला हा सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आयुष्यभराची मिळकत विकून त्यांना धनवान होता आले असते; त्यांनी ती सर्वांची केली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही अशा दानांची साक्ष आहे. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या बंधूंनी जमविलेल्या कलावस्तू तेथे आल्या आणि त्यांत चीन-जपानच्या वस्तूही आहेत. म्हणून जपानी कारागिरी पाहण्यासाठी पनवेलच्या मुलाला समुद्रापार जाण्याची गरज उरलेली नाही.

नोंदीचे महत्त्व किती, हे दोन अलीकडील प्रसंगांवरून स्पष्ट होईल. पहिला प्रसंग एका तलवारीचा. २०२५ सालच्या एप्रिलमध्ये लंडन येथे एका मराठा तलवारीचा लिलाव झाला आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपये देऊन मिळविली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईस आणण्यात आली. तिचे पाते युरोपीय बनावटीचे, म्हणजे ती फिरंग. पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरी अक्षरे घातलेली आहेत. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक रघूजी भोसले यांचे नाव आणि त्यांचा 'सेनासाहेबसुभा' हा किताब त्यांत आहे. पाते परदेशी, लिलाव परदेशी. पण त्या एका ओळीने ती कोणाची हे सांगितले. ती ओळ पुसली गेली असती, तर ती अनेक फिरंगींपैकी एक ठरली असती.

दुसरा प्रसंग वाघनखांचा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि २०२४ च्या जुलैमध्ये सातारा येथील संग्रहालयात ती लोकांना पाहावयास मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्यास असलेला इंग्रज अधिकारी जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती त्या संग्रहालयास मिळाली होती. त्यांच्या पेटीवरील मजकुरात ती शिवाजी महाराजांची म्हटली आहेत. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांनी अफजलखानाचा पराभव केला. हीच ती वाघनखे काय, हा प्रश्न सहजच उभा राहतो. ती वाघनखे जतन करणारे संग्रहालय मात्र स्पष्ट सांगते की, तशी खात्री देता येत नाही. कारण १६५९ पासून ग्रँट डफच्या हाती येईपर्यंतच्या सुमारे दीडशे वर्षांची नोंद नाही.

हे ऐकून कोणाला वाईट वाटेल. पण यात वाईट वाटण्याजोगे काही नाही. प्रतापगडचा विजय हा त्या वाघनखांवर अवलंबून नाही. तो इतिहासात पक्का नोंदलेला आहे. जेवढा पुरावा आहे तेवढेच बोलावे, हा संग्राहकाचा पहिला नियम होय. खोटी कहाणी जोडून वस्तूचे मोल वाढत नाही; उलट, एक खोटी कहाणी उघडकीस आली, म्हणजे शेजारच्या दहा खऱ्या वस्तूंकडेही लोक संशयाने पाहू लागतात. विकणारे कित्येकदा अशा कहाण्या मुद्दाम रचतात. नवे पाते मातीत पुरून किंवा आम्ल लावून गंजवितात, आणि अमुक सरदाराची तलवार म्हणून विकतात. म्हणून संग्राहकास डोळ्यांइतकीच विवेकाची गरज असते.

आता माळ्यावरच्या त्या तलवारीकडे परत येऊ. ती भंगारात न देता घरी ठेवण्याचे ठरले, तर घरातील उत्साही मुलाचे पहिले काम काय असेल? बहुधा तो वाळूकागद घेईल आणि पाते चकाकेपर्यंत घासील. नेमके हेच करावयाचे नसते. तलवारीवर सोन्याची अक्षरे घालावयाची असली, म्हणजे कारागीर पोलादाचा पृष्ठभाग बारीक रेघांनी खरबरीत करी आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवी. या कलेस कोफ्तगरी म्हणतात. हा सोन्याचा थर अत्यंत पातळ असतो. गंजाखाली तो असेल, तर वाळूकागदाच्या चार हातांत तो नाहीसा होईल. उत्तम भारतीय पोलादावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असते; तिला जौहर म्हणत. तीही घासण्याने झिजते. शेकडो वर्षांच्या पावसाने जे पुसले नाही, ते अर्ध्या तासाच्या हौसेने पुसले जाते.

जपानी संग्राहकाचा एक नियम येथे शिकण्याजोगा आहे. तेथील तलवारीचे पाते मुठीत खोल गेलेले असते. त्या झाकलेल्या भागावर पुष्कळदा घडविणाऱ्याचे नाव कोरलेले असते. पात्याचा बाहेरचा भाग ते आरशासारखा ठेवतात, परंतु मुठीतील भागावरचा गंज मात्र कधीही काढीत नाहीत. त्या गंजाचा रंग आणि पोत पाहून तलवारीचे वय जोखता येते. गंज हासुद्धा साक्षीदार असतो. त्याला घालवून देणे म्हणजे साक्षीदाराला न्यायालयाबाहेर काढणे होय.

मग काळजी घ्यावी कशी? कोकणची हवा दमट आणि खारी. पोलादाला तिचे वावडे आहे. हाताच्या घामातही क्षार असतो. म्हणून पाते उघड्या हाताने धरू नये, सुती हातमोजे घालावेत. मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपावी. नंतर खनिज तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. खाण्याचे तेल लावू नये, कारण ते कालांतराने चिकट होते आणि त्यावर धूळ बसते. चामड्याचे जुने म्यान ओल धरून ठेवते. यासाठी पाते आणि म्यान वेगवेगळे ठेवावे. म्यानात पाते अडकले असेल तर ते ओढून काढण्याची घाई करू नये. क्रमांक पोलादावर न खोदता चिठ्ठीवर लिहून दोऱ्याने बांधावा. अक्षरे किंवा नक्षी असल्याचा संशय आला, तर ते काम संग्रहालयातील तज्ज्ञांवर सोपवावे.

याबरोबरच कायद्याचेही भान ठेवावयास हवे. शस्त्रे बाळगण्यासंबंधी १९५९ चा कायदा आहे. म्हणून घरात जुने हत्यार आढळल्यास वडील माणसांनी पोलीस ठाण्यात विचारपूस करणे उचित. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी ऐतिहासिक वस्तू हा पुराणवस्तू ठरते आणि ती खाजगी रीतीने परदेशी पाठविता येत नाही. किल्ल्यावर किंवा शेतात पुरलेली जुनी मौल्यवान वस्तू सापडली, तर ती खिशात न घालता तिची खबर जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. कर्नाळ्यासारख्या किल्ल्यावर गेल्यावर हे विशेष लक्षात ठेवावे. जमिनीतून उपटून घरी आणलेली वस्तू बहुतांशी मुकी होते. ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती, यातच तिची निम्मी हकीकत असते.

आणखी एक विचार मनात येणे स्वाभाविक आहे. शस्त्रे ही माणसाचा जीव घेण्यासाठी केलेली साधने. ती जपून का ठेवावीत? याचे उत्तर त्या वस्तूंतच आहे. ढालीवरचा खोल ओरखडा पाहिला, चिलखतातील तुटलेल्या कड्या पाहिल्या, म्हणजे युद्ध हे केवळ पोवाड्यातील वर्णन राहत नाही. त्या कड्यांच्या आत कोणीतरी माणूस होता, हे ध्यानात येते. आणि त्या कड्या रात्ररात्र बसून गुंफणारा कारागीर, खोगीर शिवणारा, नाल ठोकणारा, ज्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत, त्यांचेही हात त्या वस्तूंत दिसतात. राजांचा इतिहास कागदांत पुष्कळ सापडतो. या माणसांचा इतिहास मात्र त्यांच्या हातच्या कामातच शिल्लक आहे.

म्हणून त्या दारात उभ्या असलेल्या भंगारवाल्यास क्षणभर थांबावयास सांगावे. एक वही घ्यावी. आजींना जवळ बसवून विचारावे की, दसऱ्याला ही तलवार कोण बाहेर काढी, ती कोणत्या घरातून आली, तिच्याविषयी त्यांनी लहानपणी काय ऐकले. त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून उतरून घ्यावे. तलवार आणखी पुष्कळ वर्षे राहील. परंतु ही हकीकत सांगणारे मुख कायमचे राहणार नाही.